आईने लावलेला कौल

६ मार्च २०२३

आईचं यकृत! गाठी तीन, शस्त्रक्रिया करण्यासारखी स्थिती नाही. यकृताच्याच कॅन्सरवर मी इतकी वर्षं काम करते आणि माझ्याच घरात — जाऊ दे. सकाळी तिच्या टपरीवर बसून माशाची पेज खाल्ली, तिनेच वाढली. मला रडू आलं तर म्हणाली, आलं जास्त पडलं का?

८ मार्च

आमच्या प्रयोगशाळेच्या नव्या औषधाची माणसांवरची चाचणी इथे तैवानात, ताइनानमध्येच चालू आहे. आईला घेतील! नावनोंदणी शुक्रवारी, सतराला बंद.

तिला समजावलं. पेशीत एक आरएनए असतो. तो स्वतः प्रथिन बनवत नाही, म्हणून त्याला आधी कचराच समजत. पण तो इतरांना हुकूम सोडतो आणि गाठ वाढते. आमचं औषध त्यालाच जाऊन चिकटतं, मग पेशी त्याला मोडून टाकते.

"म्हणजे तुझा मोठा काका," आई म्हणाली. "स्वतः काडी हलवत नाही, घरभर सगळ्यांना नाचवतो."

खूप हसलो. मग तिने विचारलं, लागू पडेलच ना? खरं ते सांगितलं — उंदरांना पडलं, माणसांचं अजून ठाऊक नाही. माझूदेवीला विचारते, एवढंच म्हणाली.

१२ मार्च

देवळात कौल लावून आली. चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका टाकायच्या — एक उताणी, एक पालथी पडली की देवीचा होकार. तिला लागोपाठ तीनदा होकार. आणि आल्या आल्या म्हणते, चाचणीत जायचं नाही!

भांडले. आठातून एकदा असं नुसतंच पडतं, पुन्हा टाक म्हटलं. तर देवीला तोच प्रश्न दोनदा विचारत नाहीत, एवढंही शिकवलं नाही का मी तुला, म्हणे. हट्टी! माझी आई, माझं औषध, आणि आड येतात लाकडाच्या फाका.

१३ मार्च

पेज न खाताच कामावर गेले.

१५ मार्च

लाज बाजूला ठेवून मीच देवळात गेले. नाव-पत्ता सांगून विचारलं, आईला हे औषध द्यावं ना? दोन्ही फाका उताण्या. म्हणजे देवी हसली! शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, प्रश्नच धड नसला की हसते ती.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. प्रयोगशाळेत कुणी उत्तर घेऊन आलं की मी आधी विचारते, प्रश्न काय होता? आईने देवीला काय विचारलं, ते मात्र मी विचारलंच नाही.

१६ मार्च

आज विचारलं. मासे साफ करता करता, वर न बघता म्हणाली,

"आ-रू, मी विचारलं — तुझ्या औषधाने मी वाचले नाही, तर माझी पोरगी जन्मभर स्वतःला दोष देईल का?"

"देवी खरं बोलली," मी म्हटलं. "आणि औषध न घेताच गेलीस तर? ते विचारलंस?"

आईने सुरी खाली ठेवली. हात धुतले. मग म्हणाली, उद्या सतरा ना? टपरी बंद ठेवते.