त्राइनचे ट्यूलिप

९ ऑक्टोबर
काढून टाकणार! ठरलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचे त्राइनचे ट्यूलिप मुळासकट काढणार आणि तिथे माझे पांढरे नार्सिसस लावणार. सात वर्षं मी सीमची बायको आहे. त्याची पहिली बायको, ही त्राइन, जाऊन नऊ झाली. तरी दर एप्रिलला बाई उगवतेच! बर्फ पडो, जमीन गोठो, हिला काही होत नाही. लाल-पिवळी, चाळीसच्या चाळीस. आणि सीम कॉफी घेऊन पाव पाव तास खिडकीशी उभा. माझ्याकडे असं कधी बघितलंय त्याने?

१० ऑक्टोबर
पाऊस. फावडं दाराशी तसंच.

१४ ऑक्टोबर
सीम चर्चच्या गायनाला गेला, तशी खणायला घेतलं. सबंध वाफा उपसला. निघालं काय — वाळकी टरफलं आणि लसणाच्या पाकळीएवढे दहा-बारा कंद! यातून चाळीस फुलं?

कुंपणापलीकडून शेजारीण ख्रीत हसायला लागली. तिची सगळी हयात याच गावात गेली. "अगं फीन, आमच्या ओल्या चिकणमातीत ट्यूलिप म्हणजे एका वर्षाचा पाहुणा. दर शरदात नवे कंद लावावे लागतात. मास्ट्रिख्टसारख्या शहरात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली तू, तुला कुठलं कळायला!"

म्हणजे दर वर्षी कोणीतरी लावतंय. कोणीतरी कशाला — सीमच!

माझे नार्सिसस पिशवीतच ठेवले. आधी चोर पकडायचा.

१५ ऑक्टोबर
जेवताना विचारलंच. "खिडकीखाली कंद कोण लावतं रे?"
"हे गुडघे घेऊन मी वाकणार होय?" म्हणाला आणि हसला. वर माझा गाल थोपटला! वाफा उपसलेला बघून तर स्वारी खुशीत होती. किती तो साळसूदपणा! वाटाण्याचं सूप तसंच टाकून मी उठले.

२८ ऑक्टोबर
कधी लावतो ते कळलं! मृतांच्या दिवसाला मी दर वर्षी आईच्या कबरीवर दिवे लावायला मास्ट्रिख्टला जाते. चार दिवस. इकडच्या लोकांत ते नाही. इथे ना दिवे, ना मेलेल्यांबद्दल बोलणं. कोणी कोणाचं भलं केलं तरी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी यांची रीत. तर ते चार दिवस त्याचे. मी बहिणीकडे, आणि हा त्राइनपाशी!

मेलेल्या बाईवर जळते मी. लाज वाटते. पण जळते.

३ नोव्हेंबर
न कळवता एक दिवस आधीच आले. सीम मासे धरायला गेलेला. आणि वाफ्यात गुडघ्यांवर कोण? नील! त्याची लेक. शेजारी पिशवीभर कंद.

"मावशी! तुम्ही उद्या येणार होतात ना?"

मी ओरडलेच. "माझ्या अंगणात चोरून आईला आणून बसवतेस? बाप-लेक मिळून ठरवलंत का?"

पांढरीफटक पडली. "बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना सांगू नका, पाया पडते!" पिशवी तिथेच टाकून सायकलवर बसली आणि गेली.

सीमला काही बोलले नाही. उद्या बोलणार. सगळंच बोलणार.

४ नोव्हेंबर
सीमची गायनाची वेळ साधून नील आली. आत येईना. दारातच बोलली.

"तुम्ही या घरात आलात, त्या वर्षी मी ते आईसाठीच लावले. खरंय. एप्रिलमध्ये बाबा मला म्हणाले, 'फीनने लावलेत बघ. त्राइनच्याच रंगाचे. एवढ्या मोठ्या मनाची बाई मिळाली मला! तिला बोलू नकोस हं, संकोचेल.' मग मी काय करणार? थांबले असते तर त्यांना काय वाटलं असतं? माझ्या आईची फुलं, हात माझे, आणि नाव तुमचं! सात वर्षं जळतेय मी, मावशी."

सव्वीस कंद उरले होते. तिने खड्डे केले, मी लावले.