बोलेल तो भरेल

७ जानेवारी

चि. खोडरबर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. माझं नेहमीचंच. दिवसभर कोर्टात लोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवायचं, संध्याकाळी घरी ते टाइप करायचं आणि मधल्या वेळात मांजरीशी भांडायचं.

आता मुद्द्याचं. कँटीनमध्ये ऐकलं की आम्हा कोर्टातल्या स्टेनोंच्या फीचा नवा कायदा येतोय आणि त्याचा मसुदा लिहायला तुमच्या खात्याने नेमकं तुलाच बसवलंय. हसावं की रडावं कळेना. शाळेत वहीला भोकं पडेपर्यंत खोडणारा तू, आता माझ्या पोटावर रबर फिरवणार! तर आधी नीट समजून घे. ज्याला साक्षीची किंवा युक्तिवादाची नक्कल हवी असते, तो आम्हाला पानामागे फी देतो. दर मी नोकरीला लागले तेव्हा होता तोच आहे. वर ओरड अशी की आम्ही समास इतका रुंद सोडतो की त्यात खाट टाकून झोपावं. हे वरच्या मजल्यावरच्या स्टेनोबद्दल खरं आहे, माझ्याबद्दल नाही.

मला समासाची गरजच काय? मला आमचे वकीलसाहेब आहेत. त्यांना नुसती वेळ विचारली तरी घड्याळाच्या शोधापासून सुरुवात करतात. माझ्या घरातला फ्रीज त्यांच्या प्रास्ताविकावर आला आणि पंखे समारोपावर. सध्या ते एका कोंबड्याची बाजू मांडताहेत. एका शिंपिणीने गच्चीवर कोंबडा पाळलाय आणि त्याच्या आरवण्याने खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांची झोप मोडते, असा दावा आहे. सगळं कोर्ट कोंबड्याला 'आरोपी' म्हणतं. वकीलसाहेब अजून त्याच्या खापरपणजोबांपर्यंतच आलेत, त्यामुळे माझा उन्हाळा सुखाचा जाईल असं दिसतं.

तेव्हा दर वाढव. आणि सरकारला पैसेच वाचवायचे असतील, तर जो बोलेल त्यानेच आपल्या बोलण्याची फी भरावी, असं एक कलम घालून टाक. जगात जरा शांतता तरी नांदेल.

बाकी क्षेम. माया आहे तशीच ठेव, दर तेवढा वाढव.
तुझी,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. कायदा मंजूर झाला आणि तुमचा दर वाढला. समितीत दोन बैठका 'पान म्हणजे काय' यावरच गेल्या. एका सभासदांनी झाडाच्या पानाचं उदाहरण दिलं आणि दुसऱ्यांनी त्याला हरकत घेतली. शेवटी मी घरून मोजपट्टी नेली आणि सगळ्यांसमोर समास आखून दाखवला. तुझी वहिनी म्हणते, इतकी वर्षं नोकरी करून घरी सांगण्यासारखं काम मी पहिल्यांदाच केलं.

आता जरा बस. पाणी पी.

मसुद्यात आठ कलमं होती. साहेबांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, फारच हडकुळा दिसतोय, अजून एक कलम पाहिजे. आणि तेही जेवणाच्या सुट्टीआधी! माझं डोकं रिकामं आणि टेबलावर तुझं पत्र. मी तुझं वाक्य जसंच्या तसं घातलं. वाटलं, साहेब हसतील, खोडतील आणि मला वेळ मिळेल. साहेब हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, यात दूरदृष्टी आहे. समितीचे लोक चहाच्या घाईत होते, त्यांनी नऊच्या नऊ कलमांना हात वर केले. आता मंत्री जिथे तिथे 'बोलेल तो भरेल' असं सांगत हिंडताहेत. फक्त न्यायाधीशांना सूट आहे.

ताई, रागावू नकोस. ती थट्टा आहे हे मला कळलं होतं. फक्त मलाच कळलं होतं, एवढीच अडचण झाली.

राग ओसरला की दोन ओळी लिही. तोवर जुन्या लोभावर दिवस काढतो.
तुझा,
खोडरबर

१२ एप्रिल

चि. गाढवास,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. वि. वि.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं मी लोकांना म्हणायचे. इथे जीभ माझी आणि टाळू सरकारची. आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार तरी कोणाकडे करू?

तुझ्या नवव्या कलमाने कोर्टाचं वाचनालय झालंय. ज्याच्या त्याच्या तोंडात मिठाची गुळणी! मॅनेजरसाहेबांना विचारलं की कोंबडा नक्की कुठून आरवतो, तर त्यांनी छताकडे बोट दाखवलं. किती जोरात, असं विचारलं तर कानावर हात ठेवले. मी आपलं कंसात लिहिलं की साक्षीदाराने कानावर हात ठेवले. तर फी गोळा करणारा कोर्टाचा हिशेबनीस म्हणाला, कंसातले शब्द साक्षीदाराचे नाहीत, तुमचे आहेत, तेव्हा त्यांची फी तुम्ही भरा! मी त्याला सांगितलं की बाबा रे, आमच्या धंद्यातला पहिलाच नियम आहे, स्टेनो खोलीत असते पण नोंदीत नसते. इतक्या वर्षांत माझा स्वतःचा एक शब्द त्या कागदांवर गेलेला नाही. त्याने पावतीपुस्तक पुढे सरकवलं.

मागच्या आठवड्यात आरोपीला टोपलीतून हजर केलं. झाकण उघडताच त्याने असा काही सूर लावला की पट्टेवाल्याच्या हातातली किल्ली पडली. मी इमानाने उतरवून घेतलं. फी कोणाची? शिंपीणबाई म्हणाली, त्याने शपथ घेतलेली नव्हती, म्हणून ते बोलणं धरता येणार नाही. न्यायाधीशबाईंनी कपाळाला हात लावला आणि मुद्दा राखून ठेवला. त्या दिवसाच्या नोंदीत सगळ्यात लांब भाषण कोंबड्याचं आहे.

आणि वकीलसाहेब गप्प आहेत. उठतात, तोंड उघडतात, काहीतरी आठवल्यासारखं करतात आणि बसतात. मी पेन्सिलीला टोक काढून वाट बघत राहते. मला वाटलं होतं, मला पानांचं वाईट वाटेल. पण तुझ्यापाशी काय लपवायचं, पानांचं नाही वाटत. नव्या दराने माझं भागतंय. संध्याकाळी टाइप करताना त्यांचं बोलणं घरात असायचं. मधेच विषय सोडून ते भरकटायचे, तेव्हा मी एकटीच हसायचे आणि मांजर दचकायची. आता मशीन झाकलेलंच असतं. घर फार शांत झालंय आणि मला ते आवडत नाही.

ते कलम काढ. कसंही काढ. बैल गेला अन् झोपा केला असं व्हायला नको, वकीलसाहेब कोर्टाबाहेर निवृत्तीचं बोलायला लागलेत.

वहिनीला माझी आठवण सांग. तुझ्यावरचा लोभ तूर्त स्थगित.
ताई

३ मे

माननीय मसुदाकार महोदय यांस,
स. न. वि. वि.

आपला माझा परिचय नाही, तथापि आपल्या नवव्या कलमाचा आणि माझा आहे. प्रारंभीच नमूद करतो की हे पत्र काहीसं लांबेल, कारण टपालाला ते कलम अद्याप लागू झालेलं नाही आणि कित्येक आठवड्यांचं बोलणं माझ्या पोटात साठलेलं आहे. डॉक्टरांनी त्यावर चूर्ण दिलं, गुण आला नाही.

मी कोंबड्याचा वकील. लोक समजतात की मी फीच्या भीतीने मूग गिळून बसलोय. तसं नाही. आपल्या ताईंना मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारायचा धीर जमवताना इतर काही सुचेनासं झालंय. मी विधुर आहे, मुलगी तिच्या संसारात सुखी आहे, दात बहुतेक माझेच आहेत. गेली कित्येक वर्षं मी त्या खोलीत जे बोलतो ते न्यायाधीशांना उद्देशून असतं, असा सर्वांचा समज आहे. वास्तविक मी कोपऱ्यातल्या पेन्सिलीकडे बघून बोलतो. एखादा दाखला बरा जमला की ती पेन्सिल किंचित थांबते. त्या थांबण्यासाठी मी दाखले शोधत आलो.

मग बाहेर का विचारत नाही, असं आपण म्हणाल. एकदा पायऱ्यांवर प्रयत्न केला. ताई म्हणाल्या की लोक बाहेर एक बोलतात आणि आत दुसरं, हे त्या रोज बघतात, म्हणून नोंदीबाहेरच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. मला ते पटलं. तेव्हा शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी जे विचारायचं ते नोंदीवर विचारावं म्हणतो. आपण त्यांचे बंधू आहात आणि थोरलं माणूस घरात कोणी नाही असं कँटीनमध्ये कळलं, म्हणून धाकट्या भावाची परवानगी मागतो. नकार असल्यास एका ओळीत कळवावा. होकार कितीही लांब चालेल.

आपल्या कृपेचा अर्जदार,
कोंबड्याचा वकील

१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कलम इतक्यात निघत नाही. पुढच्या अधिवेशनापर्यंत धीर धर. मंत्री त्या कलमावर इतके खूश आहेत की साहेबांनी मला बढती दिली. मिठाई आणलीय, पण तुझ्या आठवणीने घशाखाली उतरत नाही.

कोंबड्याच्या खटल्याचा शेवटचा युक्तिवाद जवळ आला ना? त्या दिवशी पेन्सिली जास्त ने. का, ते विचारू नकोस. वहिनी म्हणते, नवा चष्माही लाव, जुन्यात तू पोस्टमास्तरसारखी दिसतेस.

आणि एक बोलायचं आहे, थट्टा नाही. आई गेल्यापासून तू सगळ्यांचं ऐकत आलीस. माझ्या परीक्षा, माझं लग्न, वहिनीचा गुडघा, सगळं ऐकलंस. तुला काय हवं, हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. कोणी विचारलंच, तर या खेपेला खरं सांग. मला फार बरं वाटेल.

लोभावरची स्थगिती उठवावी, ही विनंती.
तुझा,
खोडरबर

९ जून

चि. खोडरबर आणि वहिनी यांस,
राखून ठेवलेले धरून सगळे आशीर्वाद, वि. वि.

तुला सगळं माहीत होतं! जास्त पेन्सिली ने म्हणे! लबाडा, त्या सगळ्या लागल्या.

वकीलसाहेब उठले. मला वाटलं, नेहमीसारखे बसतील. बसले नाहीत. त्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि जे सुरू झाले, ते दुपारच्या चहाचीही आठवण कोणाला राहिली नाही. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, इथून सुरुवात केली. मग म्हणाले की आरोपी भल्या पहाटे ओरडतो तो मॅनेजरांना छळायला नव्हे. गच्चीवर त्याला दुसरं कोणी नाही, म्हणून तो रोज विचारून बघतो की कोणी आहे का, आणि उत्तर न आल्यामुळे पुन्हा विचारतो. मॅनेजरसाहेब फी विसरून चक्क बोलले, की हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मी खाली मान घालून लिहीत होते. आपण काय लिहितोय याकडे लिहिताना लक्ष नसतं, हात आपला चालतो. त्यामुळे वकीलसाहेबांनी कोंबडा सोडून माझ्याबद्दल बोलायला घेतलं, हे सगळ्या खोलीला कळलं आणि मला कळलं नाही. या खोलीतल्या लघुलेखिका उरलेलं आयुष्य आपल्यासोबत काढतील का, हे वाक्य मी पूर्णविरामासकट लिहून काढलं आणि मग वाचलं. पेन्सिल हातातून सुटली. घरंगळत थेट त्यांच्या बुटापाशी गेली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं की या प्रश्नाचा कोंबड्याशी संबंध काय. ते म्हणाले, काहीच नाही, पण फी आपण भरतोय. बाई चष्मा पुसत म्हणाल्या की प्रश्न नोंदीवर आलाच आहे तर नोंद अर्धवट ठेवता येणार नाही, उत्तर हवं. सगळे माझ्याकडे वळले. मला सवयीने वाटलं, मागे कोणीतरी असेल. मागे भिंत होती. मी त्या खोलीत कधी बोललेच नव्हते रे, माझा आवाज तिथे कसा लागतो हेही मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र पर्समध्ये होतं. घसा खाकरला, हो म्हटलं, दुसरी पेन्सिल घेतली आणि ते लिहून घेतलं. तेवढ्यात टोपलीतून आरोपीही ओरडला, तेही लिहून घेतलं.

निकाल असा, की मॅनेजरसाहेब उठेपर्यंत कोंबडा झाकून ठेवावा आणि शिंपिणीने त्याला सोबत म्हणून एक कोंबडी आणावी. कोंबड्याच्या बोलण्याची फी माफ झाली. वकीलसाहेबांचं बिल इतकं मोठं झालं की हिशेबनीसाला कागद जोडावा लागला. त्यांनी घासाघीस न करता भरलं. आता रोज संध्याकाळी येतात आणि फुकट बोलतात. मांजरीने आधी कंटाळून घर सोडलं होतं, आता त्यांच्या मांडीवर झोपते.

हिशेबनीसाने माझ्यापुढेही पावतीपुस्तक सरकवलं. तुझा कायदा कडक आहे, एका शब्दाचीही फी सोडत नाही. मी भांडले नाही. जन्मात पहिल्यांदा नोंदीवर माझा शब्द आला होता, त्याचे पैसे मीच भरणार. पावती फ्रीजवर लावली आहे.

ते कलम आता काढलंस तरी चालेल. वहिनीला घेऊन लवकर ये. लोभावरची स्थगिती उठवली आहे, आणि त्याची फी मागायला येऊ नकोस.
तुझी,
ताई