रांगेतली तुमची जागा

किनलॉकसाहेब,

तुम्ही स्कॉटलंडच्या नव्या विधानसभेबद्दल आमचं मत ऐकायला एडिंबरोहून आलात, आणि नेमके मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या दिवशी. गावच्या सभागृहात तुम्ही आणि चहाची किटली, दोघंच. दुसरा कुणी अधिकारी ‘शेटलंड उदासीन’ असं लिहून बोटीत बसला असता. तुम्ही बूट चिखलात घालून वर आलात आणि मेंढ्या निसटू नयेत म्हणून धरलेल्या आमच्या माणसांच्या रांगेत, मी आणि ओस्लाकाकू यांच्या मधे, उभे राहिलात.

आणि लगेच आमची मतं विचारू लागलात.

“साहेब, आधी मेंढी बघा, सरकार नंतर,” काकू म्हणाली. तोवर तुमच्या बाजूनं तिचीच मेंढी निसटली.

“रांगेतली पन्नास पावलं सांभाळता येईनात, आणि एडिंबरोत बसून आख्खं शेटलंड सांभाळणार?”

“लंडनमधून तरी कोण सांभाळतंय, काकू?” म्हणालात आणि मेंढीमागे धावलात. संध्याकाळी कमरेपर्यंत भिजून परतलात, मेंढी खांद्यावर.

तरीही मार्चमधल्या सार्वमतात मी विधानसभेच्या विरोधातच मत दिलं. आमच्या बेटांनी तुमची विधानसभा साफ नाकारली. माणूस पसंत पडला म्हणून लांबचं सरकार जवळ येत नाही.

हे पत्र पाठवणार नाही. इथलं पोस्ट ओस्लाकाकू चालवते. एडिंबरोचा पत्ता बघून मला फितूर ठरवील.

काल यंदाची रांग ठरली. तुमच्या जागी मी भाच्याला उभं करत होतो, तर काकू खेकसली, “ती मोकळी ठेव. सरकार घरी ठेवून आला, तर तो आपलाच आहे.”

तुमचा शेजारी, रांगेपुरता,
रासमी