मे महिन्यातला स्वेटर

नागपूर,
२१ मे १९७९

आदरणीय आनंदराव मामांना भाच्याचा, अनंताचा, सविनय जय भीम.

मामींच्या गुडघ्याला त्या तेलाने उतार पडला का? सावनेरची लाइन गेली (म्हणजे रोज) की तुम्ही अजूनही अंगणात खाट टाकून ट्रान्झिस्टर लावता ना? लावत असाल तर माझा आवाज पोचतोच आहे, तेव्हा माझ्या तब्येतीचं वेगळं काय लिहावं! पण लिहावं लागतंय, कारण मी ठणठणीत आहे यावर सध्या वाडीत कोणाचा विश्वास नाही, आणि मामा, याला जबाबदार तुम्ही आहात. तुम्ही आणि तुमचा तो रेडिओवाल्याचा सिनेमा.

तुम्ही तो दोनदा पाहिलात. (पहिल्या वेळी मध्यंतरापर्यंत मीही शेजारी होतो, पुढे माझी ड्यूटी होती.) त्यातला निवेदक रेशमी शर्ट आणि चकचकीत बूट घालून फिरत्या खुर्चीत रेलतो, टेबलावर गुलाब असतो, एका हाताने रेकॉर्ड लावतो, दुसऱ्याने केस सावरतो आणि मनात येईल ते माईकवर बोलतो. तिकडे नायिका तळ्याकाठी रेडिओ कानाशी धरून लाजते. सगळ्या आकाशवाणी केंद्रात दुसरं माणूस म्हणून दिसत नाही. हे पाहून तुम्ही वाडीला जाऊन कांताबाईंना सांगितलंत, की त्यांच्या लेकीसाठी, अरुंधतीसाठी, सुचवलेला माझा भाचा अगदी असाच राहतो! बाई हरखल्या. होकार देण्याआधी हे वैभव एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून परवा मायलेकी थेट केंद्रावर हजर झाल्या, तेही भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना.

आता आमच्या स्टुडिओत गालिचा आहे, आणि यंत्रांना धूळ चालत नाही, म्हणून लहानथोर सगळे चपला दाराबाहेर काढतात. (हे कोणत्याही सिनेमावाल्याला ठाऊक नाही.) ती चपलांची रांग आणि आतली शांतता पाहून कांताबाईंना हा विहारच वाटला. त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. आमचे ड्यूटी ऑफिसर, जे माझी प्रत्येक चूक लिहून ठेवतात आणि सिनेमात मुळीच नसतात, ते चौकशीला आले, तर बाईंनी त्यांनाच विचारलं, “मेणबत्त्या कुठं लावाच्या जी?” साहेब तेव्हापासून माझ्याशी फार जपून बोलतात.

मग जाड काचेतून त्यांनी मला पाहिलं. मामा, बाहेर नागपूरचा मे असला तरी आत यंत्रांसाठी इतकी थंड हवा सोडतात की माझे दात वाजतात, आणि निवेदकाचे दात वाजले तर ते सबंध विदर्भाला ऐकू जातात. म्हणून मी मामींनी विणलेला लाल स्वेटर घालतो. गळ्याला मफलर, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. खुर्ची कुरकुरते म्हणून हलायचं नाही, कागद फडफडतो म्हणून तो तान्ह्या बाळासारखा धरायचा, आणि कागदावर आहे त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही. बरं, गप्प बसायचीही सोय नाही. रेकॉर्ड अडकली आणि जरा शांतता पसरली की लेखी खुलासा द्या! तर कांताबाईंना काचेपलीकडे दिसला एक अनवाणी, मफलर गुंडाळलेला, कोमट पाणी पिणारा इसम. त्यांचा चेहरा पडला.

मी बाहेर आलो तेव्हा त्या लेकीला म्हणत होत्या, “काहून वं, या पोराले हिवताप हाय, का छातीचं काही हाय? आनंदरावानं सांगतलं नाही!” मी म्हटलं, मावशी, थंडी मशीनसाठी असते. तर म्हणाल्या, “मशीनले थंडी अन् माणसाले सुटर? मंग पगार कोणाले देतेत गा, तुले का मशीनले?” एवढं विचारून त्या चपला शोधायला निघून गेल्या.

तेवढ्यात अरुंधती (तुम्ही म्हणालात मास्तरीण आहे, पण परीक्षाही घेते हे सांगितलं नाहीत) सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, “आईचं जाऊ द्या. हे लग्न तुम्हाला पाहिजे, का मामा म्हणतात म्हणून करून राहिले?”

मामा, मी रोज अमरावतीपासून चंद्रपूरपर्यंत सगळ्यांशी बोलतो. पण तेव्हा हातात कागद नव्हता. मी नुसता उभा राहिलो. एवढी शांतता रेडिओवरून गेली असती तर खुलाशावर भागलं नसतं, नोकरीच गेली असती. तिने बराच वेळ वाट पाहिली, मग हसली आणि म्हणाली, “रविवारी आम्ही घरीच आहो. अडकलेली रेकॉर्ड सुटली तर या.” मला ती फार आवडली, मामा. तिला नाही म्हणायची वेळ माझ्यामुळे येऊ नये, एवढंच वाटतं.

तेव्हा आपण रविवारच्या आत वाडीला जाऊन कांताबाईंची समजूत घालावी की मुलाला ताप नाही, छातीचं काही नाही, फक्त नोकरी आहे. आणि कृपा करून त्या सिनेमाचं नाव पुन्हा काढू नये. त्यात एकही गोष्ट खरी नाही. ना बूट, ना गुलाब, ना ते मनातलं भडाभडा बोलणं.

मामींना जय भीम. त्यांचा स्वेटर ऊबदार आहे, जरा जास्तच.

आपला अनवाणी पण निरोगी भाचा,
अनंत

ता. क. कांताबाई जाताना चुकून आमच्या बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या चपला घालून गेल्या. वाडीहून येताना तेवढ्या आणाव्यात. बाई दोन दिवस स्टुडिओबाहेरही अनवाणी हिंडतात आणि बातम्या रागाने वाचतात.

ता. क. २. सिनेमाबद्दल वर लिहिलं ते सगळं मध्यंतरापर्यंतचं. पुढचा भाग मी पाहिलेला नाही. शेवटी तो निवेदक नायिकेसमोर उभा राहून नेमकं काय म्हणतो, ते तुम्हाला पाठ असेलच. तेवढं उलटटपाली कळवा. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहा. हातात कागद असला की मी चुकत नाही.