सतरा नंबरची नळी

प्रिय धाकटे,

तुझी चिमणी आज स्वतःच्या हाताने पाणी प्यायली, हे नर्सबाईंकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. तिच्या डाव्या कानाचं मात्र डॉक्टर अजून काही सांगत नाहीत म्हणे. घरच्यांना लागण होऊ नये म्हणून दिलेली गोळी तू घेतलीस ना? फोनवर माझं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं तू स्वतःच बनवतेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

पोहण्याच्या वर्गातल्या चिमणीसकट तीन मुलांना मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा आजार, झाला आणि सगळ्यांनी पोहायला शिकवणाऱ्या सरांकडे बोट दाखवलं. त्यांची शिट्टी मुलं आळीपाळीने वाजवायची, त्यात त्यांच्या घशात या आजाराचा जंतूही सापडला. झालं, चोर मिळाला! उद्याच्या पालकांच्या बैठकीत त्यांना काढणार, आणि अर्जावर पहिली सही तुझी.

पण अगं, हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात गुपचूप राहतो. म्हणून तर आमच्या प्रयोगशाळेत त्याची सात जनुकं ताडून बघतात. तिन्ही मुलांच्या जंतूंची सातही जुळली. सरांच्या जंतूची चार जुळलीच नाहीत. आडनाव एक, घराणं वेगळं. तो माणूस बिचारा उगाच शिव्या खातोय. आमचा अहवाल निघायला अजून चार दिवस आहेत, बैठक उद्या आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नमुने गोळा करणाऱ्याने, या वेळी मी, स्वतःच्या घशाचाही एक नमुना, नाव न घालता, नुसत्या नंबराने त्यात टाकायचा. तपासणारे त्याने सावध राहतात. काल यादी वाचणाऱ्या बाईंनी सांगितलं, की सतरा नंबरची नळी मुलांशी सातही ठिकाणी जुळते. मी पुन्हा दोनदा तपासायला लावलं. आशा वेडी असते.

सतरा नंबर मी आहे गं. चिमणीला तलावावर सोडायला मीच जायचे. तू ओरडायचीस तरी तिच्याच बाटलीला तोंड लावायचे, आणि तीच बाटली पुढे तिच्या मैत्रिणींकडे जायची. माझ्याकडून तिला गेला की तिच्याकडून मला आला, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. मला फार भीती वाटते. मी औषध घेतलंय, प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही सांगितलंय. अहवालात नुसता नंबर जाईल, त्यामुळे मी गप्प बसले असते तर तुला कधीच कळलं नसतं. सरांविरुद्धची सही उद्या सकाळीच मागे घे. मला वर चिमणीच्या खोलीत येऊ द्यायचं की नाही, ते मग ठरव. मी खाली, हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले आहे.

तुझीच,
ताई