थेंब बुडायला हवा

७ जुलै २००२

झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सप्टेंबर १९९६. आईला पेठहून जीपमधून नाशिकला आणलं. बाळंतपणात फार रक्त गेलेलं. बाळ वाटेतच गेलं.
२. डॉक्टर म्हणाले — रक्त मिळेल, बदल्यात बरोबरच्या कुणीतरी द्या.
३. बरोबर चार पुरुष. चहा पिऊन येतो म्हणत एकेक जण जिना उतरला. शेवटी बा.
४. मी हात पुढे केला. वय सोळा, वजन अडतीस किलो. परत पाठवलं.
५. संध्याकाळी आई गेली. त्यानंतर बा वर आले.
६. बारावीनंतर मी लॅबचा डिप्लोमा केला, रक्तपेढीत लागले. बांशी बोलणं बंद. यंदा मेडिकलची सीईटी दिली. आज यादी लागली. धुळ्याचं सरकारी कॉलेज, आदिवासी राखीव जागा.

आनंद झाला का — तपासून पाहिलं. नाही.

१० जुलै

रक्तपेढीत पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरची वेदिका म्हणाली, डॉक्टर झालीस की आम्हाला ओळख देणार नाहीस — आत्ता तरी कुठं देतेस म्हणा. तिचं बरोबर आहे.

जात पडताळणीला बांच्या शाळेचा मूळ दाखला लागतो. बावीसला धुळ्यात हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. बांना निरोप मी देणार नव्हते. वापीला थोरल्या भावाला, ललितदादाला फोन केला, तो तिथं कंपनीत आहे. "तूच सांग की. खाऊन टाकणार हाय का बा तुला?" शेवटी त्यानेच कळवलं.

१३ जुलै

बा रक्तपेढीत आले. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत. चपला दाराबाहेर काढून उभे. फार वाळलेत. मी दाखला घेतला, बसा म्हटलं. बसले नाहीत. माझं रक्त घे म्हणाले. गरज नाही म्हटलं, ऐकेनात. वेदिकाने बोट टोचलं आणि निळ्या द्रावणात थेंब सोडला. रक्त पुरेसं असेल तर थेंब बुडतो. हा वरच राहिला.

"बाबा, तुमचंच कमी आहे, तुम्ही कुठं देताय!" वेदिका हसत म्हणाली.

बा त्या निळ्या पाण्याकडे बघत होते. "तवाबी बुडला नव्हता."

मी विचारलं, कधी?

"तुझ्या आयशीच्या येळला. खाली जाऊन दोन डाव टोचून घेतलं. नाय म्हनले."

मग सांगितलं का नाहीत?

"काय सांगू, बाय? सोताच्या बायकोला द्याया बाप्याच्या अंगात रगत नाय, असं?"

वेदिका बाहेर गेली. मी ट्यूबमध्ये आणखी थोडं रक्त घेतलं. एवढं कमी का, ते बघायला हवं.

१४ जुलै

अभ्यासाला झोप यायची तेव्हा मी बांना जिना उतरताना आठवायचे. झोप उडायची. सहा वर्षं त्यावर काढली. आता काय आठवू?

१६ जुलै

बांच्या रक्ताची काच मीच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली मीच पाहिली. तिथं नसाव्यात अशा पेशी — जिथं सरकवावं तिथं त्याच. आमच्या डॉक्टरांना दाखवली. पाहून झाल्यावर त्यांनी खुर्ची मागे घेतली. म्हणाले, हाडातली मज्जा तपासू, पण तू पाहिलंस तेच आहे. रक्ताचा कर्करोग. काही महिने. मी विचारलं, मुंबईला नेऊ का? नेऊन फार फरक पडणार नाही, म्हणाले. रक्त चढवत राहायचं. मग म्हणाले, तू धुळ्याला जा, पुढे अशा माणसांसाठी काहीतरी करशील.

अशा माणसांसाठी. बांसाठी नाही.

माझ्या खोलीवर थांबलेल्या बांनी विचारलं, गोळ्यांनी रगत भरंल ना? हो म्हटलं. आजवर चुकीचा रिपोर्ट दिला नव्हता.

१८ जुलै

बांना पहिली बाटली चढवली. बदल्यात मी दिलं. आता तीन महिने माझं घेणार नाहीत.

ललितदादा फोनवर मिळाला नाही. त्याच्या खोलीशेजारच्या माणसाला निरोप लिहून घ्यायला लावला:

"दादा, बांना दर आठवड्याला रक्त लागणार आणि जवळ कुणीतरी लागणार. मी थांबले तर जागा जाते, गेले तर ते एकटे. तू नाशिकला येतोस का? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण सांग. रविवारपर्यंत रक्तपेढीत फोन कर."