आकाराम बोलतोय

उचगाव
जून २००९

प्रिय सोमेश,

शेजारची अंबूबाई उद्या तुमच्या हातकणंगल्याला लेकीकडे निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. फोनच केला असता, पण तू फोन घेत नाहीस. मेहुण्यांच्या दुकानातला फोन वाजला की तू मागं खताच्या पोत्यांकडे निघून जातोस आणि तेच उचलतात, असं अंबूबाई सांगते. म्हणून कागदावर लिहिते आहे. निवांत बसून वाच.

मंगळवारी अंगणवाडीतली पोरं घरी गेल्यावर माझ्या मोबाईलवर फोन आला. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातून एक बाई बोलत होत्या. राजवीर चौगुले यांचा नंबर का, असं त्यांनी विचारलं. मी त्याची आई म्हटल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचा मुलगा फोनवर किती छान बोलतो हो! दिवसभर पोरांचे फोन येतात, जागा आहे का, जागा आहे का. ह्यानं जागेचं नावच काढलं नाही. तुम्हाला भेटायला कधी येऊ, म्हणाला." पुढच्या शुक्रवारी त्याला बोलावलं होतं. राजवीरनं आजवर कुठल्याच कारखान्याला फोन केलेला नाही. आयटीआय होऊन वर्ष झालं. पोरगा मोबाईल घेऊन घरामागं परड्यात जातो, नंबर दाबतो, पलीकडून हॅलो आलं की बंद करतो. बोलायचं म्हटलं की शब्द त्याच्या ओठापर्यंत येतात आणि माघारी फिरतात. वडिलांवर गेलाय. फोन कुणी केला ते मला तिथल्या तिथं कळलं. माझा नंबर तुला अंबूबाईनं दिला असणार. तिला मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. सगळा दिवस मला एकच काळजी होती, राजवीरला शुक्रवारी तिथं पाठवायचं की नाही.

मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही, हे आधीच सांगते. लग्न होऊन मी उचगावात आले तेव्हा तुला नुकती मिसरूड फुटत होती, म्हणून तुला भावजी म्हणणं कधी जमलं नाही. शिवाजी पेठेच्या फुटबॉल टीममध्ये हे गोलकीपर आणि तू पुढं. मॅच जिंकून आलात की तू आमच्या सोप्यात बसून सगळा खेळ पहिल्यापासून सांगायचास, आणि हे शेजारी बसून नुसते हसायचे. मी एकदा म्हटलं होतं, "अरे, गोल अडवला ह्यांनी आणि घसा तुझा बसलाय." तेव्हा तुम्ही दोघेही हसलात. पुढं तुमचं काय चाललं होतं, त्याचा मला पत्ता नव्हता.

ते सगळं तूच नंतर सांगितलंस. कापूर-उदबत्तीच्या तुमच्या दुकानात फोन होता, त्याच्या डायलला बारकं कुलूप असायचं आणि किल्ली तुझ्या वडिलांच्या, रुद्रय्याअण्णांच्या करगोट्याला. दुपारी अण्णांचा डोळा लागला की तू किल्ली सोडवायचास. टीममधली बिनकामाची पोरं पायरीवर रांगेनं बसायची, आणि तू एकेकाच्या नावानं शिरोलीच्या, उद्यमनगरच्या कारखान्यांना फोन लावायचास. ज्याचं नाव, त्याचा तू व्हायचास. आज मॅनेजरचं नाव शिपायाकडून काढून घ्यायचं आणि उद्या थेट त्यांनाच मागायचं. सोमवारी कारखाने बंद, तेवढा तुझ्या घशाला आराम. किती पोरं तुझ्या जिभेवर कामाला लागली! अण्णांना जाग आली की ओरडायचे, "आरं, टेलिफोन हापीस हाय का दुकान? बिल काय तुझा सासरा भरणार हाय?" तुझ्या स्वतःच्या नावानं मात्र तू एकदाही फोन केला नाहीस. दुसऱ्याचं नाव घेतलं की जीभ सुटते वहिनी, आपलं सांगायचं म्हटलं की घसा सुकतो, असं तू म्हणाला होतास.

ह्यांच्या नावानं तू एका फौंड्रीला महिनाभर फोन करत राहिलास. शेवटी मॅनेजरनं बोलावलं ते ऑफिसातल्या जागेसाठी. माल रवाना करायचा, गाड्यावाल्यांशी बोलायचं, बोलका माणूस हवा. हे जाऊन उभे राहिले. घामानं सदरा भिजला, पण नावापुढं एक शब्द फुटला नाही. मॅनेजर म्हणाले, "फोनवर तर लई चुरूचुरू बोलत हुतास की रं! भट्टीवर घ्या ह्याला, तिथं तोंड चालवाय लागत न्हाई." हे मला कळलं फार उशिरा. घरी हे पेढे घेऊन आले होते, आणि खरंच खूष होते. भट्टीचं काम त्यांना आवडायचं. तिथं कुणी बोलायला लावत नाही, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. ती दोन वर्षं आमची सुखाची गेली, आणि ती तुझ्यामुळं मिळाली, हेही मला लिहून ठेवायचं आहे.

त्या दिवशी मी दारात शेंगा वाळत घालत होते. राजवीर सहा वर्षांचा, शाळेत गेला होता. जीपमधून ड्रायव्हर उतरला आणि त्याच्या मागून बाळासो, कंपनीच्या शहरातल्या ऑफिसचे कारकून. ह्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ओळख होती ती फोनवरची. कामाला लागल्यावरही रजेचे, आजारपणाचे फोन तूच करायचास, ते मला कुठं ठाऊक होतं? बाळासो खाटेवर बसले आणि भट्टीवर अपघात झाल्याचं सांगितलं. नाव सांगितलं. मग त्यांनाच रडू फुटलं. "वहिनी, असला बोलका माणूस म्या बघितला न्हाई. फोन लावला की आधी मला हसवणार, मग रजा मागणार. माझी पोरगी पास झाली तर फोनवर टाळ्या वाजवल्या की त्यानं."

ते बोलत गेले तसतशी माझी छाती हलकी होत गेली. हा माझा माणूस नव्हता. माझा माणूस माझ्याशी दिवसाला पाच वाक्यं बोलत नसे. त्याच नावाचे चौगुले उचगावात ढिगानं आहेत. मी म्हटलं, "पावणं, तुमी घर चुकलासा. आमचं हे न्हवं ते." आणि सोमेश, मी आत जाऊन चहा टाकला. आलं ठेचून घातलं. आधण येईपर्यंत मी त्या दुसऱ्या बाईचा विचार करत होते. तिला लहान पोरं असतील का, तिला सांगायला कोण जाईल, आपणच जावं का बरोबर. एवढं बोलणारा नवरा गेल्यावर घर किती सुनं होईल तिचं, असंही मनात आलं. बाळासोंच्या हातात कप दिला तेव्हा ते माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघत होते. ते चहा पीत असतानाच दवाखान्याची गाडी आमच्या बोळात वळली.

आजही मला गाडीपेक्षा तो चहा जास्त दिसतो. त्या बाईची कीव करत मी साखर घातली होती, आणि ती बाई मीच होते.

दिवसकार्य झाल्यावर तू आलास, उंबऱ्यावर बसलास आणि सगळं सांगितलंस. फोन कसे केले, कुणाकुणाच्या नावानं केले. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, कसा बोलायचास ते बोलून दाखव. तू मान खाली घातलीस. मी म्हटलं, बोल. मग तू तोंड वर केलंस आणि तुझा आवाज बदलला. हसरा, मोकळा, खणखणीत झाला. "नमस्कार बाळासो, आकाराम बोलतोय. घरची मंडळी बरी हायत न्हवं?" आत धोंडुबाई, माझ्या सासूबाई, गुंगीत पडून होत्या. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "आलास व्हय रं?" तू चपला न घालताच गेलास. त्यानंतर आमच्या घरी आला नाहीस.

नवऱ्याचं नाव मी त्यांच्या हयातीत घेतलं नाही आणि नंतरही नाही. आज कागदावर पहिल्यांदा उतरलं. पण त्या दिवसापासून ते नाव मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. ह्यांचा आवाज आठवायला डोळे मिटले की तूच बोलतोस. भाकरी थापताना, विहिरीवर, कधी अंगणवाडीत पोरांची हजेरी घेताना मागून कुणी म्हणतं, आकाराम बोलतोय. मी वळून बघत नाही. एवढ्या वर्षांत सवय झाली आहे. बाळासो एकदा भेटले होते. ह्यांच्या कागदपत्रांसाठी तू त्यांना फोन केलास, तो तुझा शेवटचा, राजवीरच्या नावानं परत केलास तोवर. तू म्हणालास, सोमेश बोलतोय, पण आवाज तोच. त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि हाफ डे टाकून घरी गेले. "स्मशानात मी सवता हुतो वो वहिनी," म्हणाले, "आणि ह्यो फोनवर." तू फोनला हात लावायचा सोडलास तो तेव्हापासून, असं मी धरून चालते. काही वर्षं मी तुझ्यावर राग धरला होता. पुढं कळलं, तू ह्यांना फक्त दारापर्यंत पोचवलंस. आत काय करायचं, हे आत बसलेल्यांनी ठरवलं.

तेव्हा कुणीच काही विचारलं नव्हतं. जागा मिळाली एवढ्यावर सगळे खूष. कसली जागा, कुठल्या मशीनवर, शेजारी कोण शिकवायला असतं, हे ना तू विचारलंस, ना मी, ना ह्यांनी. म्हणून काल मी राजवीरला समोर बसवून सगळं सांगितलं. वडील भट्टीवर गेले हे त्याला ठाऊक होतं, मुळात भट्टीवर कसे पोचले हे ठाऊक नव्हतं. तो ऐकत राहिला. मग मोबाईल घेऊन नेहमीसारखा परड्यात न जाता माझ्याशेजारी बसला आणि एका कारखान्याला फोन लावला. हॅलो आलं. त्याच्या गुडघ्यावर मी हात ठेवला होता. "मी… राजवीर चौगुले… बोलतोय. फिटर… झालोय." दोन शब्दांच्या मधे तो थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचा शब्द उचलून ठेवायचा. सोमेश, हे असेच बोलायचे. मीठ मागायचं असलं तरी असंच. तेरा वर्षं जो आवाज मला सापडत नव्हता, तो माझ्याशेजारी बसून नोकरी मागत होता. तिकडून नाही म्हणाले. हा "बरं" म्हणाला आणि त्यानं दुसरा फोन लावला. तिथंही नाही. तिसऱ्या ठिकाणी सोमवारनंतर कागद घेऊन ये म्हणाले. त्यानं विचारलं, "काम… कुठल्या मशीनवर?" तिकडच्या माणसानं नीट सांगितलं.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. आज सकाळी मी त्या गोकुळ शिरगावच्या बाईंना फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं, जागा कसली आहे. मशीनवरची जागा त्यांच्याकडे नाहीच. त्यांना हवा आहे गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणारा माणूस, आणि त्या आवाजावरच साहेबांनी बोलावलं आहे. मी म्हटलं, तुमच्याशी बोलला तो माझा मुलगा नव्हे. त्या चिडल्या, "म्हणजे? फसवणूकच की ही!" मी म्हटलं, हो, पण आवाज खरा आहे. तो माणूस वाण्याच्या घरचा आहे, अडतिशीचा आहे, आणि पेठेतली निम्मी पोरं त्यानं कामाला लावली आहेत. साहेबांना विचारते म्हणून त्यांनी फोन ठेवला. तासाभरानं त्यांचाच फोन आला. साहेब हसले, म्हणाल्या, पण त्यांची एक अट आहे. त्या माणसानं पुढच्या गुरुवारपर्यंत स्वतः फोन करायचा आणि स्वतःच्या नावानं वेळ मागायची. तुझं नाव मला विचारत होत्या. मी सांगितलं नाही. ते तू सांगायचंस. नंबर चिठ्ठीवर लिहून अंबूबाईच्या हातात दिला आहे. मेहुण्यांना उचलू देऊ नकोस, तू लाव. घसा सुकेल. सुकू दे, राजवीरचाही सुकला होता. थांबून बोल, पण तुझं नाव घे.

तुझीच वहिनी,
आक्काताई आकाराम चौगुले